खाडीच्या बांधावरून सायकलीने
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ज्येष्ठ सभासदांनी दिलेल्या भाषणांपैकी एक. वक्ते निवृत्त बँक अधिकारी असून संस्थेचे स्थापनेपासूनचे सभासद आहेत.)



सचिवांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, सायकल. त्यांना वाटलं, व्यायामावर बोलणार. व्यायामावर डॉक्टर बोलतील. मी बोलणार आहे ते आपल्या गच्चीवरून पश्चिमेला जी पाण्याची रेघ दिसते त्याबद्दल, तिच्या काठाच्या मातीच्या वाटेबद्दल, आणि शेवटी आपल्या चाळीस फ्लॅट्सबद्दल. शेवटचा भाग थोडा कडू आहे, पण जेवणाच्या आधी संपवतो.

निवृत्तीनंतर माझे गुडघे कुरकुर करू लागले. डॉक्टरांनी सांगितलं, चढ-उतार नकोत, सपाटीवर सायकल चालवा, गुडघ्यावर भार कमी येतो. आता डोंबिवलीत सायकल चालवायची कुठे? फडके रोडवर? स्टेशनजवळ रिक्षा, फेरीवाले, खोदकाम आणि त्यातून वाट काढणारे आपण. तिथे तरुण माणसालाही सायकल हातात धरून चालावं लागतं. पण पश्चिमेला मोठागावच्या रेतीबंदराकडे उतरलं की चित्र बदलतं. खाडीकाठाला मातीच्या, खडीच्या वाटा आहेत. काही शेतकऱ्यांच्या, काही मासेमारीला जाणाऱ्यांच्या, काही जुन्या बांधांच्या. गाडी जात नाही, हॉर्न नाही, चढ तर औषधालाही नाही. गेली बारा वर्षं मी तिथे जातो आहे, हिवाळ्यात आठवड्यातून तीनदा तरी.

आपण शाळेत भूगोलात पाठ केलं होतं की पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या त्रिभुज प्रदेश तयार करतात आणि पश्चिमेकडच्या नद्या खाड्या तयार करतात. ते बरोबरच आहे. पण आपली उल्हास नदी थोडी वेगळी वागते. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूरवरून ती कल्याणला येते. टिटवाळ्याकडून येणारी काळू तिला मिळते. सुमारे १२२ किलोमीटरचा हा प्रवास. ठाण्याच्या वर तिला दोन फाटे फुटतात. एक पश्चिमेला घोडबंदरवरून वसईच्या खाडीकडे, दुसरा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीकडे. त्यांच्या मधे साष्टीचं बेट. म्हणजे पुस्तकातला त्रिभुज प्रदेश नव्हे, पण नदीने गाळ आणून टाकलेली, भरती-ओहोटीत भिजणारी सपाट जमीन, हे सगळं इथे आहे. पेरिप्लस नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा बंदर म्हणून उल्लेख आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीत आरमाराची सुरुवात केली. आपण रोज ८.१७ च्या लोकलमधून ज्या पाण्याकडे बघतसुद्धा नाही, त्या पाण्याची ही पत आहे.

आता या पाण्याला जमिनीवर चढू न देणारी जी गोष्ट, ती म्हणजे बांध. मी बँकेत असताना काही वर्षं रायगड जिल्ह्यातल्या शाखेत शेती कर्जाचं काम बघत होतो. खारेपाटातल्या शेतकऱ्यांचे अर्ज येत. जमिनीवर फिरल्याशिवाय कर्ज मंजूर करायचं नाही अशी आमच्या जुन्या मॅनेजरांची शिस्त होती, त्यामुळे मी बांधावरून पुष्कळ चाललो. तेव्हा जे समजलं ते इथे डोंबिवलीत सायकलवरून पुन्हा ओळखता आलं.

खारभूमीचं काम असं चालतं. समुद्राच्या बाजूने चिकणमातीचा उंच बांध घालायचा, त्याला बाहेरून दगडांचं अस्तर द्यायचं. बांधात ठराविक ठिकाणी उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे एका बाजूनेच उघडणारी झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरती आली की बाहेरचं पाणी त्याच झडपेला दाबून बंद करतं. मोटर नाही, वीज नाही, वॉचमन नाही. चंद्रच तिची उघडझाप करतो! पावसाच्या पाण्याने जमिनीतलं मीठ खाली धुतलं जातं आणि मग भात होतो. काळा राता, भुरा राता अशी खारं सोसणारी जुनी भातं होती. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ अशा जाती दिल्या.

पण बांधाला एक खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की खारं पाणी शेतात शिरतं आणि मीठ सोडून जातं. ते मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात. तितकी वर्षं पीक नाही, आणि कर्जाचे हप्ते मात्र कॅलेंडरप्रमाणे चालू. मी अशी खाती पाहिली आहेत. एका वर्षी एका गावाच्या बांधाला खांड पडली आणि आमच्या लेजरमधली एकोणीस खाती एका रात्रीत थकीत झाली. सुरुवात कशाने झाली होती? तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला दाखवलं. खेकड्याचं बीळ. बिळातून पाणी झिरपलं, झिरप्याची धार झाली, धारेचं भगदाड झालं. तो म्हणाला, "सायेब, बीळ आंगठ्याएवढं असताना मूठभर चिखल पुरतो."

पूर्वी हे बांध गावं स्वतः सांभाळत. उन्हाळ्यात प्रत्येक घरातून माणूस येई, चिखल काढून बांधावर चढवला जाई. १९४८ साली मुंबई राज्याचा खारभूमी कायदा झाला, १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला, आणि पुष्कळ बांध सरकारी योजनांमध्ये गेले. पैसा आला, दगड आला, ते चांगलंच झालं. पण अंगठ्याएवढं बीळ दिसलं की कुदळ घेऊन धावणारा माणूस कमी झाला. बांध सगळ्यांचा झाला की तो कुणाचाच राहत नाही. ही गोष्ट गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांना मी समजावून सांगायची गरज नाही. आपल्या पाण्याच्या टाकीचं झाकण आठवा, पुरे.

या जमिनीसाठी माणसं किती झगडली आहेत तेही सांगतो. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या कुळांनी खोतांच्या अन्यायाविरुद्ध १९३३ साली शेती न कसण्याचा संप सुरू केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा त्यांना पाठिंबा होता. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं लोकांनी लाकूडफाटा विकून, मासे पकडून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. ज्याला आपण नकाशावर 'पडीक खाजण' म्हणतो, त्या जमिनीचा हा इतिहास आहे.

गोव्यातही हेच आहे. तिथे या जमिनींना खाजन म्हणतात आणि उघाडीला मानस. गावकारी संस्था त्या सांभाळत. मानशीवर मासे पकडण्याच्या हक्काचा लिलाव होत असे. रायबंदरहून फेरीबोटीत सायकल चढवून चोडण बेटावर जा. तिथे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. सपाट रस्ते, दोन्ही बाजूंना पाणी. मुलगी आणि जावई मला घेऊन गेले होते तेव्हा मी तिथून परत यायला तयार नव्हतो. आणि हॉलंडचं काय सांगावं! त्या देशाची जवळपास पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांधाच्या माथ्यावर सायकलची वाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गाई. पण हौसेने नव्हे. १९५३ साली एका रात्रीत बांध फुटले आणि तिथे १८३६ माणसं गेली. तिथे पाण्याची व्यवस्था बघणारी स्वतंत्र मंडळं तेराव्या शतकापासून आहेत आणि लोक त्यांच्यासाठी मतदान करतात. आपण सोसायटीच्या निवडणुकीलाच किती येतो ते सचिव जाणतात.

आता ज्यांना प्रत्यक्ष यायचं आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं बोलतो.

पहिली गोष्ट भरतीची. आपल्या कोकणातल्या माणसांचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, येईल तो तास भरतीचा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. अमावास्या-पौर्णिमेला साधारण बारा. दोन्ही पक्षांना हेच, आणि दिवसातून दोनदा. हा मुंबईच्या किनाऱ्याचा ढोबळ हिशेब. आपल्याकडे पाणी खाडीतून चढत आत यायला आणखी वेळ लागतो, तो प्रत्येकाने काठावर उभं राहून पाहावा. यातून निघतं काय? अमावास्या-पौर्णिमेला सकाळी सहा-सातच्या पुढे पाणी उतरलेलं असतं, वाट कोरडी मिळते. पण तेव्हाच दुपारची भरती उधाणाची, सगळ्यात मोठी. म्हणून नऊ-साडेनऊला घराकडे तोंड करायचं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. भिंतीवरची कालनिर्णयाची पाटी एवढ्यासाठी तरी वापरा!

दुसरी गोष्ट सायकलची. हल्ली 'ग्रॅव्हल बाइक' नावाची सायकल मिळते, ती लाखाच्या घरात जाते. माझ्या नातवाने ती दाखवली, मी किंमत बघून कॅटलॉग मिटवला. रुंद टायर पाहिजेत एवढं खरं. अडतीस-चाळीस मिलिमीटरचे टायर, हवा रस्त्यापेक्षा थोडी कमी. म्हणजे खडीवर दणके बसत नाहीत आणि चाक रुतत नाही. गियर नसला तरी चालतो, कारण चढच नाही. परत आल्यावर मात्र साखळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल द्यायचं. खारी हवा लोखंड खाते. बाभळीचे काटे असतात, पंक्चरचं सामान जवळ ठेवायचं. पावसाळ्यात जायचंच नाही. तो चिखल चाक धरून ठेवतो आणि बांधावरून चाक घसरलं तर थेट पाण्यात. एकट्याने जायचं नाही. वाटेत आगरी, कोळी मंडळी भेटतात, ती त्यांची रोजच्या कामाची जागा आहे. आधी नमस्कार करायचा, विचारायचं, मग पुढे जायचं. जाळं पसरलेलं असेल तर उतरून सायकल हातात घ्यायची. मला दोनदा अशाच एका दादांनी हाक मारून मागे फिरवलं आहे. पाणी येतंय हे त्यांना वासाने कळतं, मला अजून घड्याळ बघावं लागतं.

तिसरी गोष्ट बघण्याची. तिवराची झाडं बघा. त्यांची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, श्वास घ्यायला. तिवर चिखल धरून ठेवतो, लाटेचा जोर मोडतो. महाराष्ट्राने २०२० साली पांढरी चिप्पी या कांदळवनातल्या झाडाला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. चिखलात निवट्या उड्या मारतात, मासा असून जमिनीवर चालतात. शेकाट्या लाल काड्यांसारख्या पायांवर उभा असतो. हिवाळ्यात तुतारी पक्षी येतात, हजारो किलोमीटरवरून. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो बघायचे तर ऐरोलीला जा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली झालं आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, महाराष्ट्रातलं तिसरं. नांदूरमधमेश्वर आणि लोणार हे आधीचे दोन.

आता तो कडू भाग.

२६ जुलै २००५ इथे बसलेल्या निम्म्या लोकांना आठवतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपली इमारत तेव्हा नवी होती. तळमजल्याच्या चार बिऱ्हाडांना आपण वर घेतलं. कुणाच्या घरी नऊ माणसं झोपली, कुणाच्या घरी चौदा. पिठलं-भाताचं एकच पातेलं तीन मजले फिरलं. त्या दिवशी वरून उल्हास फुगली होती आणि खालून भरती होती. पाणी जायला जागा पाहिजे. ती जागा म्हणजे खाजण, तिवर, खाडीकाठचा सखल भाग. तो भाग म्हणजे आपल्या शहराची उघाडी आहे, मंडळी. ती बुजली की पाणी माघारी आपल्या जिन्यात येतं.

आणि ती बुजते आहे. मी बारा वर्षं एकच वाट बघतो आहे, म्हणून सांगतो. जिथे पूर्वी पाणी दिसायचं तिथे आता राडारोड्याचे ढीग आहेत. रात्री टेम्पो येतात, रिकामे होतात, जातात. मागच्या वर्षी एका ढिगात मला पिवळसर मोझॅक टाइल्स दिसल्या, हिरव्या ठिपक्यांच्या. मी सायकल थांबवली. कारण त्या टाइल्स माझ्या घरात अजून आहेत. आपल्या बिल्डरने सर्व चाळीस फ्लॅट्सना त्याच लावल्या होत्या. त्याने आणखी इमारती बांधल्या असतील, तशा टाइल्स तिथेही असतील. ढिगातल्या टाइल्स आपल्याच, असं मी कोर्टात शपथेवर सांगू शकणार नाही. आणि मी कुणा सभासदाकडे बोट दाखवत नाही. आपण कंत्राटदाराला पैसे देतो, तो पोती उचलून नेतो, जिना स्वच्छ होतो. पुढे पोती कुठे जातात हे विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही.

मी बँकवाला, म्हणून हिशेब मांडतो. पाचशे चौरस फुटांचा फ्लॅट, टाइल आणि खालचा मसाला धरून अडीच इंच जाडी. साधारण शंभर घनफूट, म्हणजे जवळपास पाच टन. आपल्याकडे निम्म्या घरांनी फरशी बदलली असं धरा. वीस गुणिले पाच, शंभर टन. ही फक्त फरशी, भिंती आणि बाथरूम वेगळे. आणि ही एक सोसायटी. आता पुनर्विकासाचं बोलणं सुरू झालं आहे. अख्खी इमारत पाडली जाईल तेव्हा काय होईल, हा गुणाकार तुम्हीच करा.

बांधकामाच्या राडारोड्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली नियम केले. ज्याने राडारोडा केला त्याने तो वेगळा ठेवून नेमलेल्या ठिकाणी पोचवायचा. त्या नियमांप्रमाणे दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांच्या वर जाणाऱ्या कामाला आधी आराखडा द्यावा लागत असे. कांदळवनात भराव टाकायला मुंबई उच्च न्यायालयाची बंदी आहे. म्हणजे कायदा आहे. अंगठ्याएवढ्या बिळावर मूठभर चिखल घालणारा माणूस नाही.

काही जण म्हणतील, काका, खाडीकाठाने रिंग रोड येतोय, माणकोलीकडे पूल झाला, तुमची ती वाट किती दिवस राहणार? खरं आहे. पुलाने ठाण्याला जाण्याचा वेळ वाचतो, माझ्या मुलाचाही वाचतो. रस्त्याला माझा विरोध नाही. पण रस्ता कुठून न्यायचा हे आपल्या हातात नसलं तरी आपली पोती कुठे जातात हे पूर्ण आपल्या हातात आहे.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात सर्वसाधारण सभेसमोर मी दोन ठराव मांडणार आहे. लेखी देऊन ठेवले आहेत, सचिवांकडे आहेत. एक, घराच्या नूतनीकरणाला परवानगी देताना आपण जी अनामत घेतो, ती महापालिकेने नेमून दिलेल्या ठिकाणी राडारोडा दिल्याची पावती दाखवल्यावरच परत करायची. जिना स्वच्छ झाला एवढं पुरे नाही. दोन, पुनर्विकासाच्या करारनाम्यात पाडकामाचा माल कुठे जाणार याचं कलम घालायचं आणि त्याच्या पावत्या संस्थेच्या दप्तरी ठेवायच्या. बिल्डर यासाठी कदाचित थोडे जास्त पैसे मागेल. मागू दे. चाळीस घरांत विभागून ते किती होतात ते मी काढून देईन, फुकट.

विरोध होईल, मला कल्पना आहे. पहिला विरोध माझ्या घरातूनच आहे. सूनबाईंना या दिवाळीआधी स्वयंपाकघराची फरशी बदलायची आहे आणि कंत्राटदाराने पावतीसह वेगळा भाव सांगितला आहे. आमच्याकडे यावर तीन दिवस चर्चा झाली. भाव मान्य झाला आहे, फक्त सूनबाईंची अट अशी की पावती मिळाल्यावर मी ती सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायची, म्हणजे उरलेल्या एकोणचाळीस घरांना बघता येईल. अट मला मान्य आहे.

आणि येत्या मार्गशीर्षात, पाऊस संपून वाट वाळली की, पौर्णिमेच्या जवळच्या रविवारी सकाळी सहाला गेटपाशी या. सायकल नसेल तर मुलाची घ्या. टायरमध्ये हवा भरून आणा, पाण्याची बाटली आणा, बिस्किटं मी आणतो. साडेनऊला परत.

 आता जेवणाच्या रांगेत गर्दी करू नका, सगळ्यांना पुरेल एवढी पुरणपोळी आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.